विनाअनुदानित शिक्षणाचा हिशेब : बारामती-इंदापूरच्या निमित्ताने

बारामती हे गाव मराठीच्या विद्यार्थ्याला मोरोपंतांमुळे माहीत असते. पन्हाळ्याचे मोरोपंत पराडकर (१७२९-१७९४) बारामतीकर बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले, पुराणिक म्हणून तेथे राहिले आणि आपली विपुल आर्यारचना त्यांनी कऱ्हेच्या काठी केली. विद्येचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाला अठराव्या शतकाने दिलेले ते एक उत्तर होते. सावकार-सरदाराने विद्वानाला पोसायचे, आणि विद्वानाने त्याच्या वाड्यावर पुराण सांगायचे. या व्यवस्थेत प्रवेश कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आज त्याच गावात, बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की, वेगळे दृश्य दिसते. हातात प्लास्टिकची फाइल घेतलेले बाप आणि मोबाइलवर पर्सेंटाइल दाखवणारी मुले सुविधा केंद्रांच्या बाहेर उभी असतात. फाइलमध्ये उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, शाळा सोडल्याचा दाखला असे सर्व असते. कोणते महाविद्यालय, कोणती शाखा, कितव्या फेरीत, किती शुल्क आणि त्यातले किती शासन भरणार, एवढेच प्रश्न तेथे विचारले जातात. 'इथून बाहेर पडलेल्या मुलांचे पुढे काय झाले?' हा प्रश्न क्वचितच निघतो, आणि निघाला तर त्याचे उत्तर देणारा कागद त्या फाइलमध्ये नसतो.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. महाराष्ट्रातील खासगी उच्च शिक्षणाचा वाद गेली चाळीस वर्षे आपण प्रवेशाच्या दारावर उभे राहून घातला. दारापाशी येण्याआधी कोणी काय भरले होते आणि दारातून आत गेल्यावर कोणाचे काय झाले, हे दोन हिशेब एकमेकांना जोडून आपण मांडले नाहीत. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके हे समजून घेण्यासाठी सोयीचे आहेत, कारण येथे शिक्षणाचा पैसा कोठून आला हे जमिनीवर पाहता येते.

तो पैसा पाण्यातून आला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर दुष्काळी कामांच्या धोरणातून नीरा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी या भागात खेळू लागले. कालव्याने तालुक्याचे दोन भाग केले. कालव्याखालचा बागायती पट्टा उसाचा झाला. सुपे-मोरगावकडचा पट्टा जिरायतीच राहिला. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना आणि वालचंदनगर ही वसाहत उभी केली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने आले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, तेव्हा इंदापूरच्या भीमाकाठाला पाणी मिळाले. पण पळसदेवसारखी गावे त्याच पाण्याखाली गेली. पाणी कमी झाले की पळसदेवचे जुने मंदिर अजूनही वर येते. या भागात कोणाचा मुलगा कोठवर शिकला, याचा शोध घेताना आधी कोणाच्या शेतात केव्हा पाणी आले हे पाहावे लागते.

शिक्षणाचा खर्च नेमका कोण भरतो, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वप्रथम स्पष्टपणे विचारला तो जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वरच्या थरातून विद्या आपोआप खाली झिरपेल, हा त्या काळच्या शिक्षणधोरणामागचा युक्तिवाद त्यांनी अमान्य केला. फुल्यांच्या मांडणीचे वैशिष्ट्य हे की त्यांनी भरणारा आणि शिकणारा या दोघांना एकाच वाक्यात आणले. पुढच्या वादांमध्ये ही जोडणी सुटत गेली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा हा प्रश्न त्यांनी कृतीने सोडवण्याचा प्रयत्न केला. घरोघरीचे मूठभर धान्य, लक्ष्मीबाईंचे दागिने, विद्यार्थ्यांचे स्वतःचे श्रम यांवर वसतिगृहे चालली. 'कमवा आणि शिका' या योजनेत शुल्काच्या जागी श्रम आले. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळाली. 'ईबीसी' ही तीन अक्षरे ग्रामीण महाराष्ट्रातील एका पिढीच्या बोलीत मराठी शब्दासारखी रुळली. १९६२ मध्ये अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू केले. पदवीसाठी पुणे गाठण्याची सक्ती त्यामुळे अनेकांपुरती संपली. खोली, खाणावळ आणि एसटीचा खर्च वाचणे म्हणजेच त्या काळी शिक्षण स्वस्त होणे होते.

अर्थात फी माफ झाली म्हणून शिक्षण फुकट झाले, असे समजण्याचे कारण नाही. आनंद यादव यांच्या 'झोंबी'चा (१९८७) विद्यार्थी-वाचक पुष्कळदा फक्त बापाच्या क्रौर्यावर थांबतो. पण त्या पुस्तकातील संघर्ष एका दृष्टीने हिशेबाचा आहे. मुलगा शाळेत गेला तर मळ्यातले दोन हात कमी होतात, आणि खंडाने शेती करणाऱ्या कुटुंबाला ते दोन हात परवडत नाहीत. शिक्षणाची खरी किंमत फीच्या पावतीवर नसते, हे कोणत्याही आयोगाच्या अहवालापेक्षा या आत्मचरित्रात्मक कादंबरीने अधिक नेमके सांगितले आहे. ती कागल परिसराची कथा असली तरी जिरायती बारामतीलाही ती परकी नाही.

१९७२ हे दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी बारामतीत विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. त्याच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात कारखाना, बँक, दूधसंघ आणि शिक्षणसंस्था अशी एक साखळी आकाराला येत होती. साखर कारखान्याच्या सभासदाच्या ऊसबिलातून टनामागे काही रक्कम निरनिराळ्या निधींसाठी कापून घेण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रात रूढ झाली होती, आणि या निधींत शिक्षणाचा निधीही असे. माळेगावच्या कारखान्याच्या परिसरात उभी राहिलेली शिवनगर विद्या प्रसारक मंडळाची तंत्रशिक्षणाची संस्था याच वातावरणातली. गावाकडच्या पोरांसाठी गावाच्या पैशाने कॉलेज, ही कल्पना त्या वेळी खरोखर उमेदीची होती, आणि तिची टिंगल करणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ऊसबिलातून कपात झालेला सभासद हा एक प्रकारे त्या संस्थेचा पहिला देणगीदार होता. त्याच्या हातात पावती मात्र नव्हती. पुढे त्याचा मुलगा त्याच प्रकारच्या संस्थेत विनाअनुदानित अभ्यासक्रमाला गेला, तेव्हा बापाने दुसऱ्यांदा पैसे भरले. या व्यवस्थेत तिसराही एक घटक आहे. हंगामात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणारे ऊसतोडणी कामगार उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहतात. ऊस त्यांच्या कोयत्याने तुटतो; सभासदत्व मात्र त्यांचे नसते. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा काढाव्या लागल्या, कारण हंगामात त्यांची गावची शाळा सुटते. फुल्यांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनी उसाच्या फडात असा पुन्हा उभा राहिला.

१९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. महाराष्ट्रातील मुले कर्नाटकात देणगी भरून शिकायला जात होती. तो पैसा आणि ती मुले राज्यातच राहावीत, हा त्यामागचा एक विचार होता. स्वतः औपचारिक शिक्षण फारसे न घेतलेल्या नेत्याने घेतलेल्या या निर्णयाने राज्याच्या शिक्षणाचा नकाशा बदलला. जागा वाढल्या, आणि 'डोनेशन' हा शब्दही वाढला. १९८७ मध्ये शासनालाच कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा करावा लागला.

त्यानंतरचा इतिहास बराचसा न्यायालयात घडला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क समोर आले : शासकीय कोट्यातील जागेला २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्यांना २५,००० रुपये आणि राज्याबाहेरच्यांना ६०,००० रुपयांपर्यंत. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांची ही तीन शुल्के होती. सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा गुणवत्तेवर 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' अशी वाटणी केली. ही वाटणी दिसायला न्याय्य होती. व्यवहारात मात्र शहरातील चांगल्या शाळांत आणि क्लासमध्ये तयार झालेली मुले गुणांच्या बळावर फ्री सीट घेऊ लागली, आणि कमी गुण मिळालेल्या ग्रामीण मुलाच्या बापाला पेमेंट सीटसाठी जमीन गहाण टाकावी लागली, म्हणजे गरिबाच्या शुल्कातून सुस्थिताचे शिक्षण होऊ लागले, अशी तक्रार पुढे आली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती योजना रद्द केली. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने शुल्कनिश्चितीच्या समित्या आणल्या. २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या खटल्यात विनाअनुदानित संस्थांमध्ये राज्याला कोटा लादता येणार नाही असे ठरले, आणि त्याच्या प्रतिक्रियेतून ९३ वी घटनादुरुस्ती झाली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये विनाअनुदानित संस्थांतील प्रवेश आणि शुल्क यांचे नियमन करणारा कायदा केला.

या निकालांचे वाचन केले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. प्रवेश कोणी द्यायचा, कोणत्या परीक्षेवर द्यायचा, शुल्क किती आकारायचे, नफा म्हणजे काय आणि वाजवी शिल्लक म्हणजे काय, यावर शेकडो पाने आहेत. प्रवेश मिळालेला विद्यार्थी चार वर्षांनी कोठे होता, यावर जवळजवळ काही नाही. न्यायालयापुढे तो प्रश्न कोणी नेलाच नव्हता, म्हणून न्यायालयाला दोष देता येत नाही. दोष असलाच तर तो प्रश्न न विचारणाऱ्या आपला आहे.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय २००० मध्ये सुरू झाले. पै निकालाला अजून दोन वर्षे होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत पुणे जिल्ह्यात आणि आसपास अभियांत्रिकीच्या जागा इतक्या वाढल्या की दाराचे भांडणच उलटे झाले. २०१० नंतरच्या दशकात राज्यात दरवर्षी हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. काल जेथे देणगी मागितली जात होती, तेथे आज प्राध्यापकांना विद्यार्थी शोधायला गावोगाव पाठवले जाऊ लागले. निवडक प्रवेश उरला तो संगणकशाखेपुरता आणि मोजक्या नामांकित संस्थांपुरता. दुसरीकडे २०१९ मध्ये बारामतीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शुल्क खासगीच्या मानाने अल्प. पण दारावर 'नीट' उभी. तिच्या तयारीसाठी लातूरला किंवा कोट्याला दोन वर्षे ठेवण्याचा खर्च कोणत्याही शुल्करचनेत दिसत नाही. स्वस्त जागेपर्यंत पोहोचण्याची वाट महाग असावी, हा उन्नीकृष्णन योजनेत दिसलेला पेच येथे वेगळ्या वेषात परतला आहे.

शासनाने मदतीचे हात दिले नाहीत असे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना निम्म्या शिक्षणशुल्काचा परतावा मिळू लागला. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय मोठा आहे. इंदापूरच्या एखाद्या गावात 'मुलीला कशाला एवढे शिकवायचे' या वाक्यातील पैशाचा आधार त्याने काढून घेतला. मात्र त्यात दोन मर्यादा आहेत. वसतिगृह, खाणावळ, प्रवास यांचा खर्च तो भागवत नाही. आणि अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. इंदापूरहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे जाताना लोणी काळभोरपासूनच खासगी विद्यापीठांच्या पाट्या सुरू होतात. जाहिरातीत सर्वाधिक दिसणाऱ्या या दारांना ही सवलत लागू नाही.

आता निष्पत्तीकडे वळू. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत छापला जातो तो 'हायेस्ट पॅकेज'चा आकडा. एका मुलाला मिळालेला पगार साऱ्या वर्गाच्या नावावर लावण्याची ही पद्धत आहे. त्यापेक्षा उपयोगी माहिती प्रत्यक्षात उपलब्ध आहे, ही गंमत. २०१६ पासून राष्ट्रीय मानांकनासाठी, म्हणजे 'एनआयआरएफ'साठी, भाग घेणाऱ्या संस्थांना काही तक्ते भरून आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. पहिल्या वर्षाला किती विद्यार्थी घेतले, त्यांतले किती ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडले, कितींना नोकरी मिळाली, त्यांच्या पगाराचा मध्यांक किती, किती जण पुढे शिकायला गेले, हे त्यांत असते. आणखी एक तक्ता असतो : किती विद्यार्थ्यांचे शुल्क शासनाने भरले, किती जण आर्थिकदृष्ट्या दुर्बल आहेत.

हे दोन तक्ते एकाच कागदावर शेजारी शेजारी असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. ज्यांचे शुल्क शासनाने भरले त्यांपैकी किती जण मुदतीत पास झाले? ज्यांच्या बापाने पूर्ण शुल्क भरले त्यांचे काय झाले? एटीकेटीच्या फेऱ्यांत अडकून दुसऱ्या वर्षातून घरी परतलेली मुले कोणत्या तक्त्यात आहेत? जिरायती पट्ट्यातून आलेला आणि बागायती पट्ट्यातून आलेला, यांच्या निष्पत्तीत फरक आहे का? सार्वजनिक पैसा, सभासदांचा पैसा आणि कुटुंबाचा पैसा अशा तिहेरी खर्चावर चालणाऱ्या व्यवस्थेने या प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत. ती देणे अशक्य नाही. प्रवेशाच्या अर्जात उत्पन्न, गाव, प्रवर्ग हे सर्व भरून घेतलेले असते. निकालाच्या नोंदीही असतात. फक्त दोन्ही रजिस्टरे एका टेबलावर उघडायची आहेत.

जे अहवालांनी केले नाही ते काही प्रमाणात मराठी कादंबरीने केले. भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयातील नायक एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नोकरी करीत फिरतो, आणि 'झूल'पर्यंत (१९७९) येता येता खासगी शिक्षणसंस्थांचे आतले जग वाचकापुढे उघडते. रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट'मध्ये (१९९४) राजकारण, सहकार आणि शिक्षणसंस्था यांची गुंतागुंत दीर्घ कालपटावर येते. पण या कादंबऱ्यांचा डोळा मुख्यतः अध्यापकाचा आणि कार्यकर्त्याचा आहे. शुल्क भरून शिकलेल्या आणि शिकून परत शेतावर आलेल्या मुलाची, वडिलांच्या सातबाऱ्यावरील बोजा फेडणाऱ्या पदवीधराची कादंबरी अद्याप हवी तशी लिहिली गेलेली नाही. आपल्या विद्यार्थ्यांना शोधनिबंधासाठी विषय हवा असेल तर तो येथे आहे.

आपणही या हिशेबातून सुटत नाही. मराठी एम. ए. ला शुल्क थोडे, म्हणून निष्पत्ती विचारायची नाही, असा एक अलिखित समज आपल्या विभागांत आहे. आपल्याकडून शिकलेली मुले सेट-नेट होतात आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवतात; मंजूर पदे रिकामी राहतात. कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तिशी ओलांडतो. किती जण, कोठे, किती वर्षे, याची यादी किती विभागांकडे आहे? अभियांत्रिकीच्या जाहिरातींना हसण्याआधी ती यादी आपण करायला हवी. माजी विद्यार्थी मेळाव्यात फक्त यशस्वी विद्यार्थ्यांना बोलावण्याची आपली प्रथा 'हायेस्ट पॅकेज'हून फारशी वेगळी नाही.

शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये शेवटी शेवटी एक रकाना असतो : 'शाळा सोडल्याचे कारण'. बहुतेक ठिकाणी कारकून तेथे दोन-तीन ठरावीक शब्द लिहितो, तरीही कोणी गेले आणि ते का गेले हे नोंदवावे, एवढी जाणीव त्या रकान्यात आहे. महाविद्यालयाच्या दाखल्यावर तो रकाना आजही छापलेला असतो आणि आपण त्यावर न वाचता सही करतो. या वर्षीचे दाखले देताना तो रकाना मुलाला विचारून भरावा, आणि शेजारी त्याने कोणत्या शुल्कावर प्रवेश घेतला होता ते लिहावे. शासननिर्णयाची किंवा न्यायालयाची वाट न पाहता बारामतीच्या, इंदापूरच्या किंवा कोणत्याही गावच्या विभागाला एवढे काम येत्या जूनपासून सुरू करता येईल.